पिसं, पाणी आणि परतीचा पाऊस

शुक्रवारची संध्याकाळ. एका पुरवणीसाठी 'सणांचे नवे ट्रेंड्स' छापाचा लेख कसाबसा मेल केला होता आणि चहा टाकत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. व्हॉट्सअॅपवर चक्क दादा!

'माझी स्लीपिंग बॅग तुझ्याकडेच आहे ना? पुढच्या शनिवारी सकाळी न्यायला येतो. हर की दूनला चाललोय.'

बस्स. ना 'कशी आहेस', ना एखादी स्मायली. गेल्या दिवाळीपासून दादाचे मला आलेले मेसेज मोजायचे तर एका हाताची बोटं पुरतील. यंदाची राखी मी कुरिअरनं पाठवली. कोथरूडहून पिंपळे सौदागरला! यावरून काय ते समजा.

'हो, आहे' असं टाइप केलं, सेंड केलं आणि मग हळूच माळ्याकडे बघितलं.

स्टुलावर चढून, दिवाळीचा आकाशकंदील आणि टीव्हीचा रिकामा खोका बाजूला करून ती छोटीशी निळी पिशवी खाली काढली. दोरी सैल केली आणि भस्सकन वास आला. दोन पावसाळ्यांचा कुबट वास, त्यात शेकोटीचा धूर, सनस्क्रीन, घाम आणि... मॅगी मसाला. चांगली डाउनची स्लीपिंग बॅग पिशवीतून बाहेर काढली की तळलेल्या पुरीसारखी टम्म फुगते. ही तशीच पडून राहिली. कालच्या पोळीसारखी.

माझ्या पोटात गोळा आला.

ही बॅग म्हणजे दादाचा जीव की प्राण! कॉलेज संपल्यावर त्यानं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला. २८ दिवसांनी घरी आला तेव्हा नाकाची सालं निघालेली, दाढी वाढलेली आणि चेहऱ्यावर असा काही आनंद की आईनं दृष्टच काढली. मग आयटीत नोकरी लागली आणि पहिल्या बोनसमधून त्यानं काय घेतलं? मोबाइल नाही, बाइक नाही. ही बॅग. पुढे लग्न, फ्लॅट, ईएमआय, मुलगी. ट्रेक मागे पडले, बॅग मात्र कपाटात ऐटीत लटकत राहिली.

पावणेदोन वर्षांपूर्वी मी डिसेंबरात केदारकंठाला निघाले, तेव्हा ती त्यानं स्वतःहून माझ्या हातात दिली. वर तीन नियम सांगितले. एक, बॅगेत बसून खायचं नाही. दोन, ओलसर असताना कोंबायची नाही. तीन, घरी आलीस की पिशवीतून बाहेर काढून मोकळी ठेवायची.

मी तिन्ही मोडले. क्रमानं!

जुडा का तलावच्या कॅम्पवर रात्री बाहेर बर्फ, तंबूत आम्ही तिघी आणि हातात मॅगीचे मग. कोण बाहेर बसणार? अर्धा मग बॅगेच्या आत सांडला. पुढच्याच महिन्यात राजगडला गेलो. पद्मावतीचं देऊळ फुल्ल होतं म्हणून बाहेर उघड्यावर झोपलो. सकाळी बॅग दवानं चिंब. खाली उतरायची घाई होती, दिली तशीच कोंबून. घरी आल्यावर 'उद्या काढते' म्हणून माळ्यावर टाकली. तो 'उद्या' यायला दोन पावसाळे लागले.

आणि मधे ती दिवाळी झाली.

मी चॅनेलमधली डेस्कची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं. भाऊबीजेला ताटावर बसल्या बसल्या दादा म्हणाला, "हौस म्हणून ठीक आहे गं. पण पोट कसं भरणार?" त्यात एवढं काही नव्हतं, हे मला आज कळतं. पण त्या महिन्यात माझे दोन चेक अडकले होते आणि घरमालकाचा फोन येऊन गेला होता. मी फाडकन बोलून गेले, "तुझ्यासारखं जन्मभर एसीत बसून एक्सेल भरण्यापेक्षा बरं!"

वहिनीनं वाटी खाली ठेवली. दादा काही बोलला नाही. ओवाळणी देऊन निघून गेला.

तर अशी ही बॅग. ती मळकी, चपटी आणि कुबट वास मारणारी परत केली असती, तर दादा तेव्हाही काही बोलला नसता. तेच मला नको होतं.

मास कॉम केलेल्या माणसाला एक खोड लागते. काहीही करायच्या आधी 'रिसर्च' करायचा. शुक्रवारची रात्र मी त्यातच घालवली आणि दादाचे नियम हे नुसते नखरे नव्हते, हे हळूहळू डोक्यात शिरलं.

डाउन म्हणजे काय? बदकांच्या किंवा हंसांच्या छातीवर, वरच्या पिसांखाली असतो तो मऊ मऊ कापूस. लहानपणी रुईच्या बोंडातली म्हातारी उडवलीये ना तुम्ही? डाउनचा एकेक पुंजका साधारण तसाच दिसतो. मध्ये बिंदू आणि चहूबाजूंनी निघालेल्या तलम तारा. या तारांमध्ये हवा अडकून बसते आणि ती अडकलेली हवा म्हणजेच ऊब! स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते. ती फक्त आपल्याच अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. डाउन किती चांगलं, हेही ते किती फुगतं यावरच ठरतं. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाउन किती घनइंच जागा व्यापतं, तो आकडा म्हणजे त्याची 'फिल पॉवर'. सहाशेच्या पुढे बरं, आठशेच्या पुढे भारी.

आता हे पुंजके ओले झाले, घामानं-तेलानं चिकटले किंवा दोन वर्षं दाबून ठेवले की काय होणार? तारा एकमेकींना बिलगतात, हवेला जागाच उरत नाही. मग हजारोंची बॅग म्हणजे नुसतं नायलॉनचं पोतं. आणि हर की दून आहे साडेतीन हजार मीटरवर. ऑक्टोबरात तिथे रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. तिथे पोत्यात झोपणार कोण? माझा भाऊ.

मगाशी पोटात आलेला गोळा आता घशापर्यंत आला.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेले. काउंटरवरच्या काकांनी बॅग चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "रजई आहे ना मॅडम? ड्रायक्लीन करून टाकतो. सोमवारी न्या." मी बॅग ओढूनच घेतली. ड्रायक्लीनिंगच्या नेहमीच्या केमिकल्समुळे पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि पिसं कडक होतात, हे आदल्याच रात्री वाचलं होतं. साध्या पावडरीचंही तसंच, आणि फॅब्रिक कंडिशनर तर अजिबातच नको. घरचं वॉशिंग मशीन टॉप लोड. त्याच्या फिरणाऱ्या पंख्यानं आतल्या कप्प्यांच्या जाळ्या फाटायची भीती. फ्रंट लोड चालतं म्हणे, पण ड्रम चांगला मोठा हवा. म्हणजे उरले हात. डाउन धुण्यासाठी वेगळं लिक्विड मिळतं, ते ऑर्डर केलं. डिलिव्हरी मंगळवारी!

नेमकी त्याच रविवारी आई आली. तिच्या डोळ्यांची तपासणी होती. हॉलमध्ये पसरलेली बॅग बघून तिनं नाकाला पदर लावला. मी सगळी कहाणी सांगितली. मॅगीसकट.

"मग त्यात काय! गोधडीसारखी धुवायची," आई म्हणाली.

"आई, ही गोधडी नाहीये. ही इम्पोर्टेड आहे. यात बदकाची पिसं आहेत."

"असू देत. गोधडीत आमच्या आज्यांची लुगडी होती," ती म्हणाली. "ती काय कमी मोलाची?"

आई वाईची. तिच्या लहानपणी घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघायचं. आजही गावोगावी निघतं. पितृपक्षात कृष्णेच्या घाटावर बायकांची ही गर्दी उसळायची. गोधडी एकदा पाणी प्यायली की दोघींनाही उचलत नाही, ती पिळता तर येतच नाही. मग साबण लावून पायांनी तुडवायची. दोघी-तिघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून तुडवत राहायच्या. घाटाच्या दगडावर निथळत ठेवायची आणि उन्हात भाकरीसारखी उलटीपालटी करायची.

मी लॅपटॉप उघडून बघितलं. जगभरचे गिर्यारोहक हेच सांगत होते. पिळू नका. घासू नका. टबमध्ये ठेवून पायांनी हलके दाबा. मी आईकडे बघितलं. ती पोहे निवडत होती.

प्रश्न टबचा होता. आमच्या वन बीएचकेच्या बाथरूममध्ये मीच जेमतेम मावते. तळमजल्यावरच्या वहिनींकडे छोट्या बाळाचा फुगवायचा टब होता, तो मागून आणला. त्यावर पिवळी बदकं छापलेली. आत बदकांचीच पिसं धुवायची, म्हणजे थीम एकदम परफेक्ट! सेक्रेटरी काकांकडून गच्चीची किल्ली घेतली. 'गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत' ही पाटी त्यांनीच लावलेली, त्यामुळे 'ट्रेकिंगचं इक्विपमेंट मेन्टेन करायचंय' असं इंग्रजीमिश्रित कारण द्यावं लागलं.

मंगळवारी सकाळी आठला आम्ही दोघी गच्चीवर. टबमध्ये कोमट पाणी, त्यात ते लिक्विड. आईनं बाटली हुंगली, दोन बोटांत थेंब चोळला. "रिठ्यासारखंच आहे की. एवढे पैसे घेतात याचे?"

बॅग पाण्यात टाकली आणि ती तरंगायलाच लागली! एक बाजू दाबली की दुसरी वर. चपटी झाली तरी हवा काही सोडत नव्हती. मला आतून बरंच वाटलं, म्हणजे अजून जीव आहे हिच्यात. यावरची युक्ती अशी की बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबायची, पिशवी पाण्याखाली धरायची आणि तिथेच हळूहळू सोडायची. म्हणजे ती हवेऐवजी पाणी ओढत फुलते.

मग मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि उतरले टबमध्ये. पहिल्या दोन मिनिटांत पाणी चहासारखं झालं. पाचव्या मिनिटाला कॉफीसारखं. वर ओल्या कोंबडीसारखा वास. ओलं डाउन असंच वासतं, घाबरायचं नाही. आई काठावर बसून सूचना देत होती. "टाच मारू नकोस. तळवा टेकव. पीठ मळतो तसं, पायानं." मानेपाशी, जिथे सगळ्यात जास्त घाम आणि क्रीम लागतं, तिथे तिनं स्वतः जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं साफ केलं. मॅगीचा डाग मात्र सुटला नाही. फिकट पिवळा नकाशा उरलाच.

साबण एकदा लावला, पण पाणी सहा वेळा बदललं. पिसांत साबण उरला तर पुंजके पुन्हा चिकटतात, म्हणून फेस यायचा बंद होईपर्यंत खळबळत राहायचं. सहाव्या पाण्याला माझ्या मांड्या थरथरत होत्या. जिमची मेंबरशिप आठवून हसू आलं.

आता सगळ्यात नाजूक भाग. पाणी प्यायलेली बॅग एका टोकाला धरून उचलायची नाही. आतल्या जाळीदार भिंती पाण्याच्या भारानं फाटतात आणि सगळी पिसं एका कोपऱ्यात जमा होतात. म्हणून टब कलता करून पाणी जाऊ दिलं, तळहातांनी दाब दाबून निथळवलं, मग खाली चादर सरकवून झोळीसारखी चार टोकांनी उचलली. एकीकडे आई, एकीकडे मी. गच्चीवरच्या जुन्या नवारीच्या खाटेवर ती आडवी केली. वर दुसरी पातळ चादर, कारण कडक उन्हानं नायलॉन कमकुवत होतं. बारा वाजले होते. वारा मस्त होता. पुण्याचं ऑक्टोबर हीट दहा दिवस आधीच आलं होतं. मी विजयी मुद्रेनं खाली येऊन जेवले आणि आडवी झाले.

साडेतीनला ढग गडगडले.

परतीचा पाऊस! सकाळभर ऊन तापवतो आणि दुपारी कात्रजच्या बाजूनं काळं करत येतो. मी अनवाणी जिना चढले. मागे आई, गुडघ्यावर हात ठेवत. पहिले टपोरे थेंब चादरीवर पडत होते. "टोकाला धरू नकोस!" दोघी एकदमच ओरडलो. पुन्हा तीच झोळी, दोन मजले खाली, कठड्याला घासू न देता. दारात पोचलो तोवर बाहेर धो धो.

त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पंखा पाचवर, टेबलफॅन दोनवर आणि मधोमध फरशीवर टॉवेल पसरून त्यावर ती. एखादा पेशंट झोपवावा तशी. तिला हात लावला तर आत सगळे गोळे. ओले, गच्च, लिंबाएवढे. आणि गोळ्यांच्या मधे कप्पे रिकामे. मला रडूच आलं. वाटलं, संपलं. होती त्यापेक्षा वाट लावली.

"अगं, कापूस ओला झाला की असाच होतो," आई म्हणाली. "पिंजायचा."

परदेशात यासाठी मोठे ड्रायर असतात. मंद आचेवर बॅग तासन् तास फिरवायची आणि सोबत दोन-तीन टेनिस बॉल टाकायचे. ते आपटून आपटून गोळे फोडतात. आमच्याकडे ड्रायर नव्हता. त्यामुळे टेनिस बॉल आम्हीच.

मंगळवारची रात्र, बुधवार, गुरुवार. सकाळी ऊन असेल तेवढा वेळ गच्ची, दुपारपासून हॉल. दर दोन तासांनी उलटायची. वरून, कापडाबाहेरूनच, एकेक गोळा दोन्ही हातांच्या बोटांत धरायचा आणि हलके हलके ओढून मोकळा करायचा. जोर लावायचा नाही. आधी वाटतं काहीच होत नाहीये. मग अचानक बोटांखाली काहीतरी सुटतं आणि चिमूटभर जागा फुगते. एका कप्प्याला अर्धा तास. कप्पे किती? मोजायचे नाहीत!

अशा कामात माणसं बोलतात. शेंगा फोडताना बोलतात, गवार निवडताना बोलतात, तसंच. डोळे हातांकडे असतात, त्यामुळे तोंड मोकळं होतं. आई वाईच्या शेजाऱ्यांचं सांगत होती, माझ्या लग्नाचा विषय दोनदा येऊन गेला होता. गुरुवारी रात्री ती पायाकडच्या कप्प्यावर होती, मी मानेकडच्या.

"त्याची नोकरी गेली," आई म्हणाली.

मला वाटलं शेजाऱ्यांच्या मुलाची. "कोणाची?"

"दादाची. जूनमध्ये."

माझे हात थांबले. तिचे चालूच होते.

"मलाही सांगितलं नव्हतं. महिनाभर मी तिकडे होते ना, पोरीला रोज शाळेत सोडायला तोच जायचा. अकरा वाजेपर्यंत घरीच. चौथ्या दिवशी विचारलं, तेव्हा बोलला. तुला सांगू नकोस म्हणाला."

"मला का नाही?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. "ती हसेल, म्हणाला."

बाहेर पाऊस थांबला होता. पन्हाळीतून थेंब पडत होते. एसीत बसून एक्सेल भरण्यापेक्षा बरं. किती सहज म्हटलं होतं मी! वहिनीनं खाली ठेवलेल्या वाटीचा आवाजही मला आठवला.

"ती कंपनी अर्धी रिकामी केली म्हणे," आई म्हणाली. "तुझी वहिनीच म्हणाली, चार दिवस डोंगरात जाऊन या. सहा वर्षं झाली, गेला नव्हता." मग थोड्या वेळानं, "हा गोळा बघ गं. माझ्या बोटांना सापडत नाहीये."

मी टॉर्च लावला. हेही मी वाचलं होतं, बॅगेमागे दिवा धरायचा. सुटलेलं डाउन एकसारखं उजळतं, ओले गोळे काळे डाग होऊन दिसतात. पायाकडच्या त्या एका कप्प्यात अजून नऊ डाग होते. रात्री दीडपर्यंत बसून मी ते नऊच्या नऊ सोडवले. आई शेजारीच झोपली होती. उठून तिच्या अंगावर चादर घातली.

शुक्रवारी बॅग हाताला कोरडी लागत होती. पण हाताला लागलेलं खरं नसतं! वरचं कापड तासाभरात सुकतं, आत पिसं मात्र ओल धरून बसतात आणि अशीच घडी केली की पुन्हा बुरशी, पुन्हा तोच वास. मग? बॅगेच्या लेबलवर वजन लिहिलेलं होतं, १२५० ग्रॅम. माझ्याकडे विमानाच्या सामानासाठी घेतलेला हुकाचा काटा होता. बॅग चादरीत बांधून टांगली, चादरीचं वजन वजा केलं. गुरुवारी सकाळी १५०० च्या वर होती. शुक्रवारी दुपारी १३४०. म्हणजे अजून जवळजवळ शंभर ग्रॅम पाणी, अर्धा पेलाभर, आत लपून बसलेलं. पुन्हा गच्ची. पुन्हा उलटापालट. सेक्रेटरी काका वर आले, खाटेवर पसरलेली बॅग बघितली, पाटीकडे बघितलं. आईनं त्यांना आलेपाक दिला. ते खाली गेले.

रात्री नऊला काटा १२६० वर आला. मी आईला मिठीच मारली.

आणि बॅग? फुगली होती. अगदी पहिल्यासारखी नाही. दोन वर्षं दाबून ठेवलेल्या पिसांतली काही पुन्हा कधीच पूर्ण उठत नाहीत, हे खरंय. खांद्यापाशी ती थोडी बसकीच राहिली. पण बाकी टम्म. मी दिवा मालवून तिच्यात शिरून बघितलं. पाच मिनिटांत घाम फुटला.

शनिवारी सकाळी दादा आला. गाडी वहिनीकडे होती म्हणून मेट्रोनं, वनाझला उतरून चालत. केस थोडे पिकलेत, हे मला दारातच दिसलं. त्यानं आईच्या पायांना हात लावला, चहा घेतला, मग बॅग उचलली. आधी हुंगली. मग दोन्ही हातांनी झटकली, हवेत उंच धरली, खिडकीच्या उजेडात एकेक कप्पा बघत गेला. आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारख्या गप्प.

"धुतलीस?"

"हं."

"कशानं?"

"पायांनी."

तो एकदम हसला. मग त्याचं बोट त्या पिवळ्या नकाशावर थांबलं. "आणि हे?"

"मॅगी," मी म्हटलं. "केदारकंठा. सॉरी. आणि खांद्यापाशी थोडी बसलीये. माळ्यावर कोंबून ठेवली होती मी. तू आत फ्लीस घाल. लायनर पण घे, मी देते माझा."

"बघतो." त्यानं खांद्यापाशी दाबून बघितलं. "चालेल गं. एवढं काय नाही."

सवयीनं त्यानं ती छोटी निळी पिशवी मागितली. मी दिली, पण वेगळी. "ट्रेकच्या दिवशी भर. आत्ता नको कोंबूस." आईनं तिच्या जुन्या सुती साडीची एक मोठ्ठी खोळ शिवली होती, ढगळ, नाडीवाली. बॅग तिच्यात सैल सोडली. अशीच ठेवायची घरी, वर्षभर. खोळ झाली तांदळाच्या पोत्याएवढी, वजन सव्वा किलो.

ती घेऊन चालत कसा जाणार? मी अॅक्टिवा काढली. पुढे मी, मागे दादा, मधे खोळ. आरशात मला फक्त आईच्या साडीची हिरवी बुट्टी दिसत होती.

वनाझला उतरल्यावर तो लगेच गेला नाही.

"ते एक्सेल वगैरे," दादा म्हणाला, "सध्या बंद आहे. आईनं सांगितलं असेल."

"नाही."

"खोटं बोलताना तुझं नाक फुगतं. अजून."

मी गप्प बसले. मग म्हटलं, "दादा, दिवाळीला मी जे बोलले ना..."

"राहू दे." त्यानं खोळ या हातातून त्या हातात घेतली. "आल्यावर घरी ये. एक-दोन छोटी कामं मिळतायत मला. फ्रीलान्स. ते इन्व्हॉइस वगैरे कशात बनवता तुम्ही लोक?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"एक्सेलमध्ये," मी म्हटलं.

दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग तो जो हसायला लागला, की तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मीही हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सरकत्या जिन्यावरून तो वर गेला, मी मागोमाग. सिक्युरिटीच्या स्कॅनरमध्ये खोळ मावेना. गार्डनं बाहेरून दोन बोटांनी दाबून बघितली. बोटं आत गेली आणि सोडल्यावर खोळ हळूच पूर्ववत झाली. त्यानं संशयानं विचारलं, "काय आहे आत?"

दादानं मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"हवा आहे," तो म्हणाला. "जरा जपून."